पुण्याचा फुटबॉल क्लब
एका मावळलेल्या संघाची व त्याच्या लीगची हकीकत

दौंडच्या स्थानकावरून सुटलेली गाडी सुमारें ७५ किलोमीटर चालून पुण्यास पोहोंचते. शिरूरहून नगर रस्त्यानें निघालेल्या माणसासहि जवळजवळ तेवढीच वाट तुडवावी लागते. या दोन्ही गांवच्या लोकांस पुणें परकें नव्हे. जिल्हा त्याच नांवाचा, जिल्ह्याची कचेरी तेथें, मुलांचें वरचें शिक्षण तेथें, आणि दुखणें हातघाईस आलें म्हणजे धांवावयाचें तेंहि तेथेंच. यामुळें पुण्याच्या नांवानें कोणी कांहीं उभारलें कीं, तें थोडेंबहुत आपलेंहि आहे असें या तालुक्यांतील माणसास सहज वाटतें. २००७ सालीं ‘पुणें फुटबॉल क्लब’ या नांवाचा धंदेवाईक संघ निघाला तेव्हांहि जिल्ह्यांतील कित्येक फुटबॉलप्रेमी घरांत असेंच वाटलें असेल. आठ वर्षांनंतर, म्हणजे २०१५ सालीं, तो संघ राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला आणि पुन्हां तिच्या मैदानावर दिसला नाहीं. २०१९ सालापर्यंत पुण्यांतील आणखी तीन धंदेवाईक संघ त्याच वाटेनें गेले. बारा वर्षांत चार संघ एकाच शहरांत उदयास यावे व चारहि मावळावे, ही गोष्ट नुसत्या दैवावर ढकलून देण्यासारखी नाहीं. तिचीं कारणें पाहूं गेल्यास एकच प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो: हा क्लब खरोखर कोणाचा होता?

हौशी संघ व धंदेवाईक संघ यांतील भेद प्रथम लक्षांत घेतला पाहिजे. हौशी संघांतील खेळाडू पोटासाठीं दुसरा कांहीं उद्योग करतो व सायंकाळीं मैदानावर येतो. धंदेवाईक खेळाडूचा खेळ हाच उद्योग असतो. क्लबाशीं त्याचा करार होतो, दरमहा पगार मिळतो, सकाळ-सायंकाळ सराव, खाणें-पिणें, प्रवास व औषधपाणी या सर्वांची जबाबदारी क्लबावर पडते. या दोहोंच्या मधें आपल्याकडे एक तिसरा प्रकार पुष्कळ वर्षें नांदला. तो कंपनीच्या संघाचा. मुंबईंत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र, एअर इंडिया, मध्य व पश्चिम रेल्वे यांचे संघ प्रसिद्ध होते. या संघांतील खेळाडू कागदोपत्रीं कारकून वा कामगार असे. सामन्याच्या दिवसांत त्यास कामांतून सवड मिळे. पाय थकले म्हणजे मैदान सुटे, परंतु नोकरी सुटत नसे. मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं आपल्या मुलांस फुटबॉल खेळूं दिला, याचें एक कारण ही नोकरीची शाश्वतीच होय.

हे संघ मुख्यतः ‘कप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धांसाठीं खेळत. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ सालीं सुरू झाला. पहिलीं अनेक वर्षें तो गोऱ्या पलटणींच्याच हातीं राहिला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकला, तेव्हां प्रथमच एका हिंदी संघाचें नांव त्यावर कोरलें गेलें. कूपरेजच्या मैदानावर या कपाचे सामने पाहण्यास मुंबईकर लोटत. परंतु कपाच्या स्पर्धेचा स्वभाव थोडक्यांत आटोपण्याचा असतो. जो हरला तो घरीं गेला. दोनतीन आठवड्यांत सारा कारभार संपतो. तेवढ्यासाठीं वर्षभर पगारी खेळाडू बाळगण्याचें कारण नसतें. कचेरींतून सवड मिळालेला कारकून तेथें पुरा पडतो.

लीगची पद्धति याहून वेगळी. तींत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो, एकदां आपल्या गांवीं व एकदां त्याच्या गांवीं. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक. संघ चौदा असले तर प्रत्येकाच्या वांट्यास २६ सामने येतात. हा व्याप कित्येक महिने चालतो आणि त्यांतील निम्म्या सामन्यांसाठीं देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत प्रवास करावा लागतो. इतकी सवड कोणत्याहि कचेरीस आपल्या कारकुनास देणें परवडत नाहीं. म्हणून ज्या दिवशीं देशव्यापी लीग सुरू झाली त्याच दिवशीं कारकून-खेळाडूचा काळ संपावयास लागला व पगारी खेळाडूचा काळ सुरू झाला. ही लीग म्हणजे १९९६ च्या डिसेंबरांत सुरू झालेली राष्ट्रीय फुटबॉल लीग होय. पहिलें अजिंक्यपद पंजाबांतील फगवाड्याच्या जे. सी. टी. या कापडगिरणीच्या संघानें मिळविलें. पुढें कलकत्त्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल, गोव्याचे साळगांवकर व धेंपो यांनीं आपापल्या परीनें ती गाजविली.

महाराष्ट्राच्या वांट्यास हा मान २००६ सालीं आला. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासून मुंबईंत खेळत होता. राष्ट्रीय लीगच्या काळांत त्यानें ‘महिंद्र युनायटेड’ असें नांव धारण केलें, बाहेरचे नामांकित खेळाडू आणले आणि कंपनीच्या क्रीडामंडळाचें रूप टाकून धंदेवाईक क्लबाचें रूप घेतलें. २००५-०६ च्या हंगामांत गोव्याचे डेरिक परेरा हे प्रशिक्षक असतांना या संघानें राष्ट्रीय लीग जिंकली. मुंबईच्या संघानें ती जिंकण्याचा हा पहिला प्रसंग होता. पुढच्या वर्षीं आशियांतील क्लबांच्या ए. एफ. सी. कपांत त्यानें उपांत्यपूर्व फेरी गांठली. आणि तरीहि २०१० सालीं कंपनीनें संघ बंद करण्याचें जाहीर केलें. कारण असें सांगितलें गेलें कीं, यापुढें मोठा संघ पोसण्यापेक्षां शाळेंतील मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष द्यावें. कारण वाईट नव्हतें. परंतु जवळजवळ पन्नास वर्षांचा, राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलेला संघ एका निर्णयानें नाहींसा होऊं शकतो, हें त्या दिवशीं सर्वांस दिसून आलें. पुढच्याच वर्षीं, २०११ सालीं, पहिली लीग जिंकणाऱ्या जे. सी. टी. नेंहि आपला संघ मोडला.

मधल्या काळांत लीगनें कात टाकली होती. २००७ सालीं राष्ट्रीय लीगच्या जागीं ‘आय-लीग’ आली. क्लबांनीं अधिक धंदेवाईक रीतीनें चालावें, दूरचित्रवाणीवर सामने दिसावे व त्या उत्पन्नांतून क्लब उभे राहावे, अशी तिच्यामागची कल्पना होती. तिच्या खालीं दुसरी श्रेणी होती. खालच्या श्रेणींत उत्तम खेळणारा संघ वर येई, वरच्या श्रेणींत तळाशीं राहणारा खालीं जाई. ही चढ-उतार हा लीगचा प्राण असतो. तिच्यामुळें तळाच्या संघांचे सामनेहि शेवटपर्यंत चुरशीचे होतात, आणि दूरच्या गांवच्या लहान संघासहि आपण एक दिवस वर जाऊं अशी आशा बाळगतां येते.

पुणें फुटबॉल क्लब हें याच नव्या व्यवस्थेचें अपत्य. अशोक पिरामल उद्योगसमूहानें २००७ सालीं तो स्थापिला. बाहेरून आयती जागा विकत न घेतां त्यानें दुसऱ्या श्रेणीपासून आरंभ केला. पहिल्या प्रयत्नांत बढती मिळाली नाहीं. २००९ सालीं ती मिळाली. त्याच सुमारास महिंद्रास लीग जिंकून देणारे डेरिक परेरा पुण्याच्या संघाचे प्रशिक्षक झाले. २००९-१० या वरच्या श्रेणींतील पहिल्याच हंगामांत पुण्यानें तिसरें स्थान पटकाविलें. पुढें धेंपो व चर्चिल ब्रदर्स हे गोव्याचे दोन मुरलेले संघ, आणि मागें कलकत्त्याचे दोन्ही नांवाजलेले क्लब! ज्या शहरांत राष्ट्रीय लीगचा संघ पूर्वीं नव्हता त्या शहराच्या नव्या संघानें हें साधावें, ही लहान गोष्ट नव्हती.

२०१२-१३ च्या हंगामांत तर हा संघ अगदीं वरच्या पायरीच्या खालीं येऊन ठेपला. अजिंक्यपद चर्चिल ब्रदर्सकडे गेलें व पुण्यास उपविजेतेपद मिळालें. त्यामुळें २०१४ सालीं पुण्याच्या संघास आशियाई स्पर्धेचें दार उघडलें. हाँगकाँग, सिंगापूर व ब्रह्मदेश येथील क्लबांशीं त्याचे सामने झाले. त्याच वर्षीं ड्युरँड कपाच्या अंतिम सामन्यांतहि तो पोहोंचला. तेथें साळगांवकरनें एका गोलानें त्यास हरविलें. म्हणजे वरच्या श्रेणींतील सहा हंगामांत या संघास मोठें अजिंक्यपद मिळालें नाहीं हें खरें; परंतु देशांतील पहिल्या चारपांच संघांत त्याची गणना होत होती हेंहि तितकेंच खरें.

या संघाचा कणा मानला गेलेला एक खेळाडू येथें सांगण्यासारखा आहे. आराता इझुमी यांचा जन्म जपानांत झाला. वडील गुजराती वंशाचे, आई जपानी. हिंदुस्थानांत आल्यावर प्रथम कलकत्ता, मग महिंद्र युनायटेड आणि नंतर पुणें असा त्यांचा प्रवास झाला. पुण्यास असतांनाच त्यांनीं भारताचें नागरिकत्व घेतलें आणि २०१३ सालीं ते भारताच्या राष्ट्रीय संघाकडून खेळले. मुंबईच्या संघांतील गुणी माणसांस पुण्याच्या संघांत आसरा मिळत होता, हें परेरा व इझुमी या दोघांच्या वाटचालीवरून दिसतें. एक झाड पडलें तरी जवळ दुसरें उभें होतें. दुसरेंहि पडल्यावर मात्र बसावयास फांदी उरली नाहीं.

क्लबानें तरुण मुलांसाठीं अकादमीहि काढली होती. निरनिराळ्या प्रांतांतील मुलें तेथें राहून शिकत व खेळत. या मुलांनीं तरुणांच्या राष्ट्रीय लीगचें अजिंक्यपद पुण्यास आणलें. केरळांतील मलप्पुरमकडचे आशिक कुरुनियन हे याच अकादमींतून पुढें आले व नंतर राष्ट्रीय संघांत चमकले. क्लबाचा जमाखर्च मांडतांना हें जमेच्या बाजूस लिहिलें पाहिजे.

आतां खर्चाची बाजू. धंदेवाईक क्लबास उत्पन्नाचे मार्ग चार: तिकिटें, जाहिराती, दूरचित्रवाणीचे हक्क आणि खेळाडूंचें हस्तांतर. परदेशांतील मोठ्या लीगांत दूरचित्रवाणीचा पैसा मुख्य असतो आणि तो सर्व क्लबांत वांटला जातो. आय-लीगमध्यें तोच झरा आटलेला होता. २००६ सालीं फुटबॉल महासंघानें एका दूरचित्रवाणी कंपनीशीं दहा वर्षांचा करार केला होता; तो २०१० सालींच संपुष्टांत आला. उलट खर्च मात्र ठरलेला होता. शिलाँग, कलकत्ता, गोवा, बंगलोर येथील प्रवास, पंचवीसतीस खेळाडूंचे पगार, परदेशी खेळाडूंचें मानधन, मैदानाचें भाडें, यांतील कांहींच टळण्यासारखें नव्हतें. जमेस आलेली रक्कम व झालेला खर्च यांतील तूट दरसाल मालकाच्या तिजोरींतून भरून निघे. मालक ती भरीत होता, याबद्दल त्याचे आभारच मानले पाहिजेत. परंतु जो खर्च एकाच्या इच्छेवर चालतो तो त्याच्या इच्छेबरोबरच थांबतो.

राहिली तिकिटांची गोष्ट. या संघाचे सामने बालेवाडी येथील श्री शिवछत्रपति क्रीडानगरींत होत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं बांधलेलें हें विस्तीर्ण संकुल शहराच्या पश्चिम टोंकास आहे. तेथील मुख्य क्रीडांगण मैदानी शर्यतींसाठींहि योजिलेलें असल्यामुळें प्रेक्षक व फुटबॉल यांच्यामध्यें धांवण्याची गोल वाट येते. खेळ दुरून पाहावा लागतो. शिरूर व दौंड हीं दोन्ही शहराच्या पूर्वेस. तेथील हौशी माणसानें सामन्यास यावयाचें ठरविलें, तर पुणें गांठल्यावर पुन्हां सारें शहर ओलांडून पलीकडे जावयाचें, आणि सामना संपल्यावर तीच वाट रात्रीं उलट तुडवावयाची. कामाच्या दिवशीं सामना असला म्हणजे तोहि मार्ग खुंटला. पेठांतील वा छावणींतील माणसाची स्थितीहि फारशी निराळी नव्हती. त्याच्या नित्याच्या वाटेवर बालेवाडी नव्हती. जो संघ येतां-जातां दिसत नाहीं, ज्याचा सराव शाळा सुटल्यावर कुंपणावरून पाहतां येत नाहीं, त्याची संवय लोकांस लागावी कशी? नांव पुण्याचें असूनहि पुण्याच्या दिनचर्येंत या क्लबास जागा मिळाली नाहीं.

अशा स्थितींत २०१४ सालीं दुसरी लीग उभी राहिली. महासंघानें २०१० सालीं एका उद्योगसमूहाशीं पंधरा वर्षांचा ७०० कोटि रुपयांचा करार केला होता. त्यांतून ‘इंडियन सुपर लीग’ निघाली. हिची रचनाच निराळी होती. प्रत्येक शहराची जागा मालकांस विकत दिली गेली. चित्रपट व क्रिकेट यांतील प्रसिद्ध व्यक्ति मालकींत सामील झाल्या. दूरचित्रवाणीवर थाटानें सामने दिसूं लागले. परंतु हिच्यांत चढ-उतार नव्हती: ज्यानें जागा घेतली तो आंत, बाकीचे बाहेर. आय-लीगच्या क्लबांनीं या बेतास आरंभीं विरोध केला होता. तो टिकला नाहीं. पुण्याच्या वांट्याची जागा नव्यानें निघालेल्या ‘एफ. सी. पुणें सिटी’ या संघास मिळाली व त्याचेहि सामने बालेवाडीसच होऊं लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस कल्याणी समूहाचा ‘भारत एफ. सी.’ हा संघ थेट आय-लीगमध्यें आला. त्याचेंहि मैदान तेंच. ज्या क्रीडांगणावर एका संघास पुरेसे प्रेक्षक लाभत नव्हते तेथें आतां तीन संघ प्रेक्षक शोधूं लागले.

यापुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येते. आय-लीगचें भविष्य काय याबद्दल कोणासहि खात्री देतां येईना. भारत एफ. सी. हा संघ एकच हंगाम खेळून २०१५ सालीं थांबला. पुणें फुटबॉल क्लबहि त्याच वर्षीं बाहेर पडला. त्याची अकादमी पुढें एफ. सी. पुणें सिटीनें घेतली. ‘डी. एस. के. शिवाजियन्स’ हा पुण्यांतील जुन्या शिवाजियन्स मंडळावर उभारलेला संघ २०१५-१६ मध्यें आय-लीगमध्यें आला व दोन हंगामांनंतर २०१७ सालीं गेला. आणि ज्याच्या थाटापुढें हे सारे फिके पडले होते त्या एफ. सी. पुणें सिटीनें २०१७-१८ मध्यें उपांत्य फेरी गांठली खरी. परंतु २०१९ सालीं तोहि मिटला, व लीगमधील त्याची जागा हैद्राबादच्या नव्या संघाकडे गेली.

लीगचें भाग्यहि याहून बरें ठरलें नाहीं. २०१६ सालीं साळगांवकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व धेंपो या गोव्याच्या तीन क्लबांनीं आय-लीगमधून अंग काढून घेतलें. त्यांपैकीं धेंपोनें तर नुकतीच दुसरी श्रेणी जिंकून बढती मिळविली होती! गोव्याचे दोन संघ गेल्यानें जागा रिकामी झाली आणि खालीं गेलेला मिझोरामचा ऐझॉल हा संघ परत वर घेतला गेला. पुढच्याच हंगामांत या संघानें आय-लीग जिंकून दाखविली. त्याचे प्रशिक्षक खालिद जमील हे महिंद्र युनायटेडचे जुने खेळाडू. २०२५ सालीं त्यांची भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. मोडीत निघालेल्या व्यवस्थेंतूनहि अशीं फळें येत होतीं. तथापि २०१९ सालीं इंडियन सुपर लीग हीच देशांतील पहिली लीग ठरविण्यांत आली, आणि २०२२-२३ च्या हंगामापासून आय-लीग रीतसर दुसऱ्या पायरीवर उतरली. ज्या लीगमध्यें पुण्याच्या क्लबानें उपविजेतेपद मिळविलें, ती त्या अर्थानें इतिहासजमा झाली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. क्लब मोडला तेव्हां त्याबद्दल जाब विचारण्याचा अधिकार कोणास होता? याचें उत्तर शिरूर व दौंड या तालुक्यांतील वाचकास सांगावयास नको. त्याच्या घरांतील अनुभवच तें सांगेल. दौंड तालुक्यांत पाटस येथें भीमा सहकारी साखर कारखाना आहे. शिरूर तालुक्यांत न्हावरे येथें घोडगंगा. दोन्ही कारखान्यांनीं गाळपाविना गेलेले हंगाम पाहिले आहेत. सहकार म्हणजे अमरपट्टा नव्हे. परंतु असा कारखाना थंडावला म्हणजे गांवोगांवचा सभासद आपल्या शेअरचा कागद पेटींतून काढतो, सभेस जातो, प्रश्न विचारतो आणि निवडणुकींत मत देतो. त्याच तालुक्यांत रांजणगांव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत खाजगी कारखाने आहेत. त्यांतील एखाद्यानें आपलें बिऱ्हाड हालविलें, तर गांवकऱ्यास हळहळतां येईल, थांबवितां येणार नाहीं. पुण्याचा फुटबॉल क्लब हा या दुसऱ्या जातीचा होता. नांव शहराचें होतें. शेअर शहराचा नव्हता.

फुटबॉलच्या जगांतहि याचे दाखले आहेत. इंग्लंडांत विम्बल्डन येथील जुना क्लब २००२ सालीं दूरच्या मिल्टन कीन्स या नव्या शहरीं हालविण्यास परवानगी मिळाली. त्याच उन्हाळ्यांत त्या गांवच्या चाहत्यांनीं आपल्या मालकीचा नवा क्लब काढला, पुष्कळ खालच्या पायरीपासून खेळावयास आरंभ केला, व २०११ सालीं तो वरच्या चार श्रेणींच्या राष्ट्रीय लीगमध्यें परत आणला. कलकत्त्याचें मोहन बागान हें १८८९ सालीं स्थापन झालेलें सभासदांचें मंडळ. १९११ सालीं त्यानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. २०२० सालीं त्याच्या फुटबॉल संघानें एका मोठ्या उद्योगसमूहाशीं हातमिळवणी केली आणि मालकानें आपल्या जुन्या संघाचें नांव पुढें जोडलें, तेव्हां चाहत्यांनीं इतका सतत विरोध केला कीं २०२३ सालीं तें जोडनांव काढावें लागलें. पैसा मालकाचाच राहिला. नांव मात्र लोकांचें राहिलें. पुण्याची जागा हैद्राबादेस गेली तेव्हां विम्बल्डनप्रमाणें नवा क्लब कोणी काढला नाहीं. याचा दोष चाहत्यांस देतां येत नाहीं. ज्यांस कधीं सभासद केलें नाहीं त्यांनीं वारसा तरी कशाच्या बळावर सांगावा?

दाखल्यासाठीं फार दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. कोल्हापुरांत शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने असले म्हणजे दुपारपासून माणसें जागा धरून बसतात. हे संघ पेठांतील तालमींतून उगवलेले आहेत. छत्रपति घराण्याचा आश्रय व पेठेंतील लोकांची वर्गणी यांवर ते वाढले. तेथें मुलगा कोणत्या संघाचा हें बहुधा त्याचें घर कोणत्या पेठेंत आहे यावरून ठरतें. आज एक संघ, उद्यां दुसरा, असें त्यास करतां येत नाहीं. या मातींतून निघालेला अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळला.

तथापि कोल्हापूरची पद्धति हीच सर्व रोगांवरचें औषध आहे असें समजणें चुकीचें होईल. पेठेचा अभिमान कधीं कधीं हातघाईवर येतो व सामने थांबवावे लागतात. शिवाय वर्गणीवर चाललेल्या तालमीस शिलाँगपासून गोव्यापर्यंत २६ सामन्यांचा व्याप झेपणें कठीण. राष्ट्रीय लीगमध्यें उतरावयाचें तर मोठें भांडवल हवेंच. पुण्याकडे भांडवल होतें व पेठ नव्हती. कोल्हापुराकडे पेठ आहे व भांडवल नाहीं. या दोहोंची गांठ कशी घालावी हा प्रश्न जर्मनींतील लोकांनीं नियमानें सोडविला आहे: तेथें क्लबांत कितीहि पैसा बाहेरून आला तरी, कांहीं अपवाद वगळतां, निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्या मंडळाकडेच राहिलीं पाहिजेत. असा नियम हिंदुस्थानांतील कोणत्याहि लीगनें आपल्या क्लबांवर घातला नव्हता.

पुण्याच्या क्लबानें वाईट खेळ केला म्हणून तो गेला नाहीं. त्याच्या प्रशिक्षकांत, खेळाडूंत वा मालकांत कसूर होती असेंहि म्हणतां येत नाहीं. तो दुसऱ्या श्रेणींतून वर आला, पहिल्याच वर्षीं तिसरा आला, परदेशांत खेळून आला, मुलांस शिकवून गेला. जें एका पिढीस उभारतां येतें तें सारें त्यानें आठ वर्षांत उभारलें. जें उभारावयास आठ वर्षें पुरत नाहींत तें, म्हणजे घराघरांतील आपलेपणा, तेवढें राहून गेलें. पुढें केव्हांतरी पुण्याच्या नांवानें पुन्हां एखादा संघ निघेल. त्या वेळीं त्याचा पोषाख कोणत्या रंगाचा किंवा त्यांत कोणते परदेशी खेळाडू आहेत, हें विचारण्यापूर्वीं शिरूरच्या व दौंडच्या घरांनीं एवढेंच विचारावें कीं, या संघाचा सभासद होण्याचा अर्ज कोठें मिळतो. त्याचें उत्तर मिळालें, तर तो संघ फार दिवस राहील अशी आशा बाळगण्यास हरकत नाहीं.